म्हाताऱ्या मांजराचा डोळा लाल झालाय, पण दवाखाना म्हटलं की थरथरतं. काय करावं?

ठमीची_ताई
मांजराचं नाव ठमी, देशी, मादी, वय १४, ऑपरेशन झालेलं. वजन ३.४ किलो, मागच्या वर्षी ३.९ होतं. पूर्णपणे घरात, जुळे सोलापूरला. उजवा डोळा कालपासून लाल आहे. चिपडं नाहीत, पाणी नाही, पंजाने चोळत नाही. खाणं नेहमीसारखं, पाणी थोडं जास्त पिते.
दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं की तोंड उघडून धापा टाकते आणि जागेवर लघवी करते. घरी आल्यावर पलंगाखालून बाहेर यायला तयार नसते. घरी बघून काय काय ठरवता येतं? आणि न्यायचंच झालं तर कमीत कमी त्रासात कसं नेऊ?

विजापूर_वेस
उन्हाळ्याची धूळ असेल. गुलाबपाणी दोन थेंब टाका, थंडावा मिळेल. घरात कुणाचे डोळे आले होते त्याचा ड्रॉप उरला असेल तर तोही चालतो.

औषधी_खण
नाही चालत ओ. घरोघरी फ्रिजच्या दारात जे ड्रॉप उरलेले असतात त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा किंवा जखम असेल तर स्टेरॉइडमुळे ती भरत नाही. उलट खोल जाते आणि डोळा फुटायची वेळ येते. मांजराच्या हर्पिसवरही स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. निओमायसिन-पॉलिमिक्सिनच्या ड्रॉपने मांजरांना क्वचित जीवघेणी अ‍ॅलर्जी झाल्याची नोंद आहे. गुलाबपाणी निर्जंतुक नसतं आणि त्यात सुगंधी द्रव्यं असतात. मध, एरंडेल, काजळ, आईचं दूध यांनाही हाच नियम.
घरी चालतं ते इतकंच: मेडिकलमधलं ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाइन, नाहीतर उकळून गार केलेलं पाणी. गॉझ ओला करून नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर पुसायचं, प्रत्येक डोळ्याला नवा तुकडा. कोरडा कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. डेटॉल-सॅव्हलॉन पाण्यात घालूनही नको. कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी तर अजिबात नाही.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
ताई, एक सांगा, लाल नेमकं कुठे दिसतंय? "डोळा लाल" या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींची घाई वेगवेगळी.

पापणीच्या आतलं मांस लाल आणि सुजलेलं असेल, जोडीला चिपडं, शिंका असतील, तर ते डोळे येणं. बहुतेक वेळा मूळ हर्पिस विषाणू. लहानपणी लागण झाली की तो शरीरात दबून राहतो आणि ताण आला की उसळतो. घरात पाहुणे, रंगकाम, नवीन मांजर, गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम, यातलं काहीही पुरतं. एक-दोन दिवस बघायला हरकत नसते.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरा फुगून लाल झाल्या असतील आणि मांजर डोळा किलकिला करत असेल, तर जखम, डोळ्याच्या आतली सूज किंवा काचबिंदू. त्याच दिवशी दाखवायचं.

तिसरं म्हणजे लाली डोळ्याच्या आत, पारदर्शक पडद्यामागे, बुबुळाच्या पुढ्यात. ते रक्त.

बघायची रीत अशी: खिडकीशी दिवसाच्या उजेडात मांजराच्या मागे बसा, समोरून तोंडावर जाऊ नका. हनुवटीखाली दोन बोटं, अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली. मग दुसऱ्या माणसाने बाजूने, साधारण कानाच्या रेषेतून, मोबाइलचा टॉर्च धरायचा. समोरून धरला तर चकाकी येते आणि काहीच कळत नाही. दोन्ही डोळ्यांचा व्हिडिओ घ्या, अर्धा मिनिट पुरे. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का आणि उजेडात बारीक होतात का, तेही लिहा.

ठमीची_ताई
पाहिलं. पापणीच्या आत गुलाबीच आहे, डाव्या डोळ्यासारखी. लाल रंग आत आहे. बुबुळाच्या खालच्या कडेला आडवी, सरळ रेघ. वर स्वच्छ, खाली लाल. डोकं तिरकं केलं की रेघही हळूहळू सरकते. आणि दोन्ही बाहुल्या मोठ्या आहेत. खिडकीत ऊन असूनही बारीक होत नाहीत.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
मग वाट बघायची नाही, आजच. सरकणारी आडवी रेघ म्हणजे डोळ्यात उतरलेलं रक्त, तळाशी साचलेलं. चौदा वर्षांच्या मांजरात, मार लागलेला नसताना हे दिसलं, वजन उतरलेलं, पाणी वाढलेलं, तर पहिला संशय रक्तदाबावर. म्हाताऱ्या मांजरांचा रक्तदाब बहुतेकदा किडनीच्या जुन्या आजारामुळे वाढतो, नाहीतर थायरॉइडमुळे. रक्तदाबाचा मार पहिल्यांदा डोळ्यावर दिसतो, कारण दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, केशवाहिन्या नाजूक. त्यांतून रक्त आणि पाणी झिरपतं आणि दृष्टिपटल मागच्या थरापासून सुटतं, ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसं. उजेडातही न आकसणाऱ्या बाहुल्यांचा अर्थ तोच असू शकतो. म्हणजे लाल उजवाच दिसत असला तरी त्रास दोन्ही डोळ्यांना असण्याची शक्यता आहे.

दिसतं का ते तपासायचं तर तोंडासमोर हात हलवू नका. वाऱ्याची झुळूक मिशांना लागते आणि आंधळं मांजरही डोळे मिटतं. कापसाचा बोळा तिच्या समोर वरून सोडा. त्याचा आवाज नाही, वारा नाही. नजर बोळ्यामागे गेली तर दिसतंय. दोन्ही बाजूंनी करा.

अक्कलकोट_रोड
पण चौदा वर्षांचं मांजर, टेबलावर धापा टाकणारं. नेऊन काही बरंवाईट झालं म्हणजे? दोन दिवस घरीच शांत ठेवून बघितलं तर नाही का चालणार?

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
भीती रास्त आहे, पण दोन दिवस थांबून डोळ्याचं नुकसानच होईल. सुटलेलं दृष्टिपटल रक्तदाब लवकर उतरवला तर काही मांजरांत परत चिकटतं, थोडीफार नजर येते. उशीर झाला तर ते वाळतं, मग रक्तदाब १२० वर आणला तरी उपयोग नाही. आणि आज डोळ्यात जे फुटलं ते उद्या मेंदूत फुटू शकतं. त्रास कमी करायचे मार्ग आहेत, ते वापरून न्यायचं.
एक मात्र: तोंड उघडून धापा टाकणं हे मांजरात केवळ घाबरणं म्हणून सोडून द्यायचं लक्षण नाही, हृदयाचा भाग असू शकतो. फोनवर हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

औषधी_खण
नेतानाचा त्रास कमी करायला गॅबापेंटिनबद्दल विचारा. भीती आणि ताण कमी करायला दवाखान्यात जाण्याआधी दोन-तीन तास देतात. साधारण मोठ्या मांजराला ५० ते १०० मिलिग्रॅम. औषध किडनीतून बाहेर पडतं, म्हणून किडनीचा संशय असेल तर डॉक्टर खालचा आकडा धरतात. ठमीला ५० सांगतील असा माझा अंदाज, पण आकडा त्यांच्या तोंडूनच घ्या. चिठ्ठी लागतेच.

काउंटरवर काय चुकतं ते लिहितो. आपल्याकडे गॅबापेंटिन बहुतेक जोडगोळीत विकलं जातं: मिथाइलकोबालमिनसोबत, नाहीतर नॉरट्रिप्टिलिनसोबत, म्हणजे नावापुढे "एनटी" किंवा "एम" असतं. आपल्याला नुसतं गॅबापेंटिन १०० ची कॅप्सूल हवी. नॉरट्रिप्टिलिनवालं मांजराला देऊ नका. गोळ्यांच्या पत्त्यावरची (स्ट्रिपवरची) बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पातळ औषधही नको, माणसांच्या सिरपमध्ये झायलिटॉल हे गोडीचं द्रव्य असू शकतं.

अर्धी करायची तर कॅप्सूल उघडून पावडर कोरड्या बशीत ओता, सुरीच्या पात्याने सपाट पट्टी करा आणि मधोमध भाग पाडा. पावडर कडू. एक चमचा उकडलेल्या चिकनमध्ये कालवा, मीठ-मसाला-कांदा-लसूण नको. सगळी वाटी भरून कालवलं आणि तिने अर्धं सोडलं तर किती गेलं हे कळत नाही, म्हणून एकच चमचा. नाही खाल्लं तर दोन मिली पाण्यात ढवळून बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतून, थोडं थोडं.

नंतर पाय लटपटतात, झोप येते. आठ-दहा तास पलंग, कपाट, गॅलरीचा कठडा यांच्यापासून लांब. हे अपेक्षितच आहे, घाबरू नका.

टर्किश_टॉवेल
आता न्यायचं कसं. वरून झाकण उघडणारी प्लॅस्टिकची बास्केट हवी. झाकणाचे खटके सुटे होत असतील तर उत्तम. दवाखान्यात वरचा अर्धा भाग काढायचा, मांजर खालच्या भागातच बसून राहतं आणि डॉक्टर तिथेच तपासतात. टेबलावर ओढून काढायची वेळ येत नाही. पुढच्या दाराच्या पिंजऱ्यातून हात घालून ओढणं हेच निम्म्या भीतीचं कारण असतं.

आत तिच्या झोपायच्या जागेचं न धुतलेलं फडकं. त्याखाली जुनं वर्तमानपत्र नको, सरकतं आणि आवाज करतं. वरून टॉवेल, पण तीनच बाजू झाका, एक जाळी उघडी ठेवा. सोलापूरचं ऊन आहे, एप्रिल-मे मध्ये चाळीसच्या वर जातं. चादर घालू नका, आपली चादर जाड, आत उकडतं.

गुंडाळायला मात्र टर्किश टॉवेल घेऊ नका. सोलापुरात घरोघर तोच असतो म्हणून हात तिकडेच जातो, पण त्याच्या फासांत नखं अडकतात. नख अडकलं की मांजर आणखी झटापट करतं आणि नख उपटतं. त्यापेक्षा जुना सुती पंचा, चौघडी न करता. आधी खांद्यावरून एक बाजू, मग दुसरी, मान मोकळी. मानेवर घट्ट गुंडाळू नका, डोळ्यातला दाब वाढतो. याच कारणाने मानेचं कातडं धरून उचलणंही टाळा.

रिक्षात बास्केट सीटवर ठेवून हाताने टेकवा, पायाशी ठेवली तर खड्ड्याचा प्रत्येक दणका तिला लागतो. दुचाकी नको. सकाळी दवाखाना उघडतानाची वेळ मागा. तिथे कुत्री असतील तर बाहेर रिक्षातच थांबा, आत बोलावल्यावर जा. बसावं लागलं तर बास्केट जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा आणि उघडी जाळी भिंतीकडे करा.

ठमीची_ताई
कापूस दोन्ही बाजूंनी सोडून पाहिला. उजवीकडे नजर गेली नाही. डावीकडे उशिरा का होईना, वळली. डॉक्टरांशी बोलणं झालं. गॅबापेंटिन ५० सांगितलं, संध्याकाळची वेळ दिलीय. तिथे काय विचारायचं?

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
डावीकडे वळली ही चांगली गोष्ट आहे. निघण्याआधी फोनवर विचारा, मांजराचा रक्तदाब मोजायचं यंत्र आहे का. सगळीकडे नसतं, आपल्याकडे बरेच दवाखाने गुरं आणि कुत्र्यांच्या अंगाने उभे राहिलेत. घरातलं माणसांचं डिजिटल यंत्र चालत नाही. पट्ट्याची रुंदी पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के लागते, म्हणजे जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर.

रक्तदाब सगळ्यात आधी, बाकी काही करण्यापूर्वी. खोलीत दिवे मंद करून पाच-दहा मिनिटं तिला बास्केटमध्येच बसू द्यायचं, मग पुढच्या पायाला किंवा शेपटीला पट्टा. पहिला आकडा टाकून द्यायचा, पुढच्या पाच-सात आकड्यांची सरासरी. १४० च्या खाली ठीक, १६० च्या वर उपचाराचा विचार, १८० च्या वर अवयवांना धोका. घाबरलेल्या मांजराचा आकडा वर जातोच, पण ठमीच्या डोळ्यात पुरावा दिसतोय, त्यामुळे आकडा मोठा आला तर "घाबरल्यामुळे असेल" म्हणून सोडू नये.

मग डोळा. हिरवी चमक देणारा रंग टाकून जखम आहे का बघतात. डोळ्यातला दाब मोजतात. दृष्टिपटल बघतात, रक्ताने दिसत नसेल तर सोनोग्राफीने. शेवटी रक्त आणि लघवी: किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइडचं टी-४, लघवीचं विशिष्ट गुरुत्व म्हणजे ती किती दाट आहे ते. सुई शेवटी ठेवा, तोवर ती शांत असते.

यंत्र नसेल तरी डॉक्टर दृष्टिपटल बघून उपचार सुरू करू शकतात. सोय शोधत पुण्याला किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अडीचशे किलोमीटर न्यायचं असेल तर ते गोळी सुरू झाल्यावर.

आणि एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन पुढे आलं तर कारण विचारा. मांजराला जास्त मात्रेत त्याने नजर जाते, किडनी अधू असेल तर धोका आणखी वाढतो. वेदनेसाठी पॅरासिटॅमॉल कधीच नाही, मांजराला अर्धी गोळीही जीवघेणी ठरते.

होटगी_गल्ली
धाग्यात शिरून विचारते. आमच्याकडे शेजारी विड्या वळतात, सुपातल्या तंबाखूची धूळ दारात येते. आमच्या बोक्याचे दोन्ही डोळे लाल आणि ओले असतात. हेही बीपीच का?

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
दोन्ही डोळे, ओले, आणि धूळ आली की वाढणारे: आधी धुळीचाच विचार. तंबाखूची धूळ अंगावर बसते आणि मांजर अंग चाटतं, तेव्हा निकोटिन पोटातही जातं. लाळ गळणं, थरथर, उलटी दिसली तर डोळा बाजूला ठेवून दवाखाना. एरवी दारातली जागा बंद करा, अंग ओल्या फडक्याने पुसा, डोळे सलाइनने. उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल त्याच्या खोलीत नको. चार दिवसांत फरक नाही, चिपडं पिवळी झाली किंवा एकच डोळा मिटायला लागला, तर दाखवा. बोका सात वर्षांच्या पुढचा असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्याच, डोळा लाल असो वा नसो.

ठमीची_ताई
जाऊन आलो. बास्केटचं झाकण काढून तपासलं, धापा टाकल्या नाहीत. रक्तदाबाची सरासरी १९२. हिरव्या रंगात जखम नाही, डोळ्यातला दाब नॉर्मल. उजवं दृष्टिपटल सुटलंय, डावं कडेने थोडं. क्रिएटिनिन २.६, लघवी पातळ, थायरॉइड नॉर्मल. अ‍ॅम्लोडिपिन ०.६२५ मिलिग्रॅम (रक्तदाबाची गोळी) रोज एकदा, उजव्या डोळ्यात प्रेडनिसोलोन आणि अ‍ॅट्रोपिन. वर तर लिहिलंय स्टेरॉइड नको, मग?

औषधी_खण
"तपासल्याशिवाय नको" असं वाचा. रंग टाकून जखम नाही हे कळल्यावर, आतली सूज उतरवायला तेच स्टेरॉइड योग्य. अ‍ॅट्रोपिनसुद्धा डोळ्यातला दाब मोजूनच देतात, काचबिंदूत ते घातक.

अ‍ॅट्रोपिन टाकल्यावर तोंडाला फेस आला तर विषबाधा समजू नका. थेंब अश्रुनलिकेतून घशात उतरतो, महाकडू असतो. टाकताना तिच्या मागून या, बाटली कपाळाच्या बाजूने, टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन औषधांत पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, महिन्याने फेका.

गोळीची गोम अशी: ०.६२५ म्हणजे २.५ च्या गोळीचा पाव. दुकानात २.५ मागितल्यावर कधी कधी "एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५" हातात देतात. ते दुप्पट ताकदीचं, साध्या ५ च्या बरोबरीचं. "एटी" लिहिलेल्यात अ‍ॅटेनोलोल असतं, तेही नको. गोळी कापणीच्या डबीने चार भाग करा, सुरीने चुरा होतो. पुढच्या चार दिवसांपुरतीच कापा, बाकी पत्त्यात राहू द्या.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
एक ते दोन आठवड्यांनी रक्तदाब पुन्हा. १६० च्या खाली आणायचा, जमल्यास १४० पर्यंत. उतरला नाही तर मात्रा डॉक्टर वाढवतील, तुम्ही नाही. बरी दिसली म्हणून गोळी बंद करायची नाही, ही जन्माची गोळी आहे. सुस्त पडली, उभं राहताना कोलमडली, तर उलट रक्तदाब फार उतरला असेल, त्याच दिवशी फोन.

घरात खाण्याचं ताट, पाणी आणि मातीचा ट्रे जिथे आहेत तिथेच ठेवा. फर्निचर हलवू नका. उजवीकडून स्पर्श करण्याआधी आवाज द्या. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, मांजराचं यकृत उपाशीपोटी लवकर बिघडतं.

ठमीची_ताई
गोळी रोज रात्री नऊला ठरवलीय. एखाद्या दिवशी थुंकली आणि सकाळी पलंगाखाली सापडली तर दोन पाव एकदम देऊ का?

औषधी_खण
नाही. सकाळीच सापडली तर तेव्हा एक नवा पाव द्या आणि रात्री नेहमीच्या वेळेला नेहमीचा. संध्याकाळी लक्षात आलं तर तो चुकलेला सोडून द्या, रात्रीचा एकच. थुंकलेला ओला तुकडा परत देऊ नका, त्यातलं औषध किती गेलं, किती राहिलं याचा हिशेब लागत नाही. आणि गोळीनंतर सिरिंजने पाच-सहा मिली पाणी पाजा. घशात अडकत नाही, थुंकायलाही उरत नाही.